शिंगाच्या दौतीतले शब्द

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी बी.ए. झालो त्या वर्षीची गोष्ट. आमच्या मोहल्ल्यात तेव्हा पदवीधर मोजकेच. कुणाच्या घरी इंग्रजी पत्र आलं की ते वाचून घ्यायला लोक आमच्याकडे यायचे. एका संध्याकाळी शेजारच्या खाला आल्या. त्यांचा मुलगा दूर परराज्यात एका कारखान्यात कामाला होता. तिथंच तो अपघातात गेला. त्याचा राहिलेला पगार आणि प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे कारखान्याकडून यायचे होते. खाला म्हणाल्या, "बेटा, तू शिकलेला आहेस. चांगल्या इंग्रजीत अर्ज लिहून दे."

'चांगल्या इंग्रजीत' हे शब्द मी फारच मनावर घेतले. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. त्यामुळे त्या भाषेची भीती पदवी मिळाली तरी गेलेली नव्हती. शब्दकोश उशाशी घेऊन रात्रभर बसलो आणि दोन पानी अर्ज तयार केला. 'मोस्ट रिस्पेक्टफुली अँड हम्बली आय बेग टु स्टेट' अशी सुरुवात. मृत्यूसाठी 'डेथ' हा शब्द मला हलका वाटला, म्हणून 'डिमाइज' घातला. सकाळी तो अर्ज खालांना मोठ्यानं वाचून दाखवला. त्यांना त्यातलं अक्षरही कळलं नाही. तरी त्यांचे डोळे भरून आले. "किती छान लिहिलंस," म्हणाल्या.

तीन महिन्यांनी उत्तर आलं. आपल्या पत्राचा नेमका हेतू काय ते कळवावे, एवढीच ओळ होती. मी माझी प्रत काढून पाहिली. दोन पानांत मुलाचा कामगार क्रमांक नव्हता. आणि पैसे द्या, असंही कुठं म्हटलेलं नव्हतं.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला. चांगलं इंग्रजी म्हणजे काय? आपण समजतो की हा प्रश्न आपल्यासारख्या, पुस्तकातून इंग्रजी शिकणाऱ्या लोकांचा आहे. पण तो खुद्द इंग्रजांनाही पडलेला आहे, आणि आजचा नव्हे, साडेचारशे वर्षांहून जुना आहे. त्याची हकिकत आज सांगायची आहे.

सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये छापखाने वाढले. लॅटिन आणि ग्रीक ग्रंथ इंग्रजीत येऊ लागले आणि त्यांच्याबरोबर त्या भाषांमधले शब्दही लोंढ्यानं आले. काही गरजेचे होते, काही नुसते मिरवायचे. मिरवायच्या शब्दांना लोकांनी नाव ठेवलं 'इंकहॉर्न टर्म्स', म्हणजे शिंगाच्या दौतीतले शब्द. तेव्हा शाई पोकळ शिंगात ठेवत. जे शब्द माणसाच्या जिभेवरून आलेले नाहीत, थेट दौतीतून कागदावर उतरले आहेत, ते हे शब्द. थॉमस विल्सन नावाच्या विद्वानानं १५५३ साली वक्तृत्वकलेवर 'द आर्ट ऑफ रेटरिक' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यात त्यानं अशा भाषेची टिंगल करण्यासाठी एक पत्रच छापलं आहे. लिंकनशायरचा कुणी एक माणूस चर्चमधली रिकामी झालेली जागा आपल्याला मिळावी म्हणून एका बड्या गृहस्थाकडे वशिला लावतो आहे, आणि पत्रभर लॅटिन शब्दांची आतषबाजी करतो आहे. म्हणजे बघा, इंग्रजी भाषेतला हा गाजलेला विनोद नोकरीच्या अर्जाचाच आहे! ते पत्र प्रथम वाचलं तेव्हा मला माझे ते दोन पानी प्रताप आठवले.

गंमत अशी, की विल्सननं ज्यांची थट्टा केली त्यांतले 'सेलिब्रेट', 'डेक्स्टेरिटी' असे काही शब्द आज इंग्रजीत सुखानं नांदताहेत. तेव्हा परका शब्द घेणं हा गुन्हा नाही. प्रश्न एवढाच, की ज्याच्यासाठी लिहिलं त्याला तो कळतो का? तो कळत नव्हता, याचा पुरावा लवकरच मिळाला. रॉबर्ट कॉड्री नावाच्या शाळामास्तरानं १६०४ साली सुमारे अडीच हजार अवघड शब्दांचे साधे अर्थ देणारं एक छोटं पुस्तक काढलं. ते स्त्रियांसाठी आणि फारसं शिक्षण न मिळालेल्या लोकांसाठी आहे, असं त्यानं मुखपृष्ठावरच सांगितलं होतं. इंग्रजीचा इंग्रजीतच अर्थ सांगणारा तो पहिला कोश मानला जातो. इंग्रजांना इंग्रजी कळेना, म्हणून इंग्रजी कोश जन्माला आला.

यामागे इतिहासाचं एक मोठं कारण होतं. १०६६ साली फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. पुढं दोन-तीनशे वर्षं दरबार आणि कचेऱ्यांत फ्रेंच, चर्चमध्ये लॅटिन आणि शेतात-बाजारात इंग्रजी, अशी वाटणी झाली. कोर्टातलं कामकाज इंग्रजीत चालावं, असा कायदा १३६२ साली झाला, आणि तो कायदा लिहिलेला होता फ्रेंचमध्ये! त्यामुळे इंग्रजीत एकाच अर्थाचे दोन-दोन शब्द राहिले. 'बाय' हा बाजारातला, 'परचेस' हा कचेरीतला. 'बिगिन' घरातला, 'कमेन्स' दरबारातला. मृत्युपत्राला इंग्रजीत 'विल अँड टेस्टमेंट' म्हणतात, त्यातला पहिला शब्द इंग्रजी मातीतला, दुसरा लॅटिन. आपल्याला हे नवं नाही. आपण 'कागदपत्र' म्हणतो, त्यातला कागद फारसीतून आला, पत्र संस्कृतातून. 'धनदौलत'चंही तेच. राज्यं बदलतात आणि भाषेत अशी जोडपी मागं ठेवून जातात. पण त्यातून एक खोड जडते. कचेरीतला शब्द तो वजनदार आणि घरातला तो हलका, असं वाटू लागतं. मला 'डेथ' हलका वाटला, त्याचं मूळ एवढं जुनं होतं.

आता या खोडीतून सुटलेल्या दोन माणसांकडे येऊ. दोघेही कॉलेजात गेलेले नाहीत. दोघांनीही इंग्रजी लेखन स्वतःच्या कष्टानं कमावलं, आणि कसं कमावलं ते लिहून ठेवलं.

पहिला बेंजामिन फ्रँकलिन. जन्म १७०६, अमेरिकेतलं बोस्टन. बाप मेणबत्त्या आणि साबण करणारा. बाराव्या वर्षी पोरगा थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवार म्हणून लागला. एका मित्राशी त्याचा वाद झाला, की मुलींना उच्च शिक्षण द्यावं की नाही. फ्रँकलिन मुलींच्या बाजूनं. वाद पत्रांतून चालला. ती पत्रं वडिलांच्या हाती पडली. वाद कुणाचा बरोबर, याबद्दल ते काही बोलले नाहीत. त्यांनी मुलाला सांगितलं, तुझं शुद्धलेखन आणि विरामचिन्हं मित्रापेक्षा चांगली आहेत, पण मांडणी आणि स्पष्टपणा यांत तू कमी पडतोस. आणि कुठं कमी पडतोस, त्या जागाही दाखवल्या.

सुमारास 'स्पेक्टेटर' या लंडनच्या नियतकालिकाचा एक सुटा खंड त्या मुलाच्या हाती लागला. अ‍ॅडिसन आणि स्टील या दोघा लेखकांनी १७११-१२ मध्ये चालवलेलं हे पत्र. तत्त्वज्ञान ग्रंथालयातून बाहेर काढून कॉफीच्या दुकानांत आणि चहाच्या टेबलावर आणायचं, अशी अ‍ॅडिसनची प्रतिज्ञा होती. त्यामुळे त्याची भाषा सभ्य गृहस्थानं समोर बसून बोलावं तशी. फ्रँकलिननं काय केलं? एखादा लेख वाचायचा. प्रत्येक वाक्यातल्या विचाराची दोन शब्दांत टिपणी करायची. मग पुस्तक मिटून काही दिवस बाजूला ठेवायचं. नंतर त्या टिपणांवरून तो लेख स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहायचा. आणि शेवटी मूळ लेख उघडून आपल्या चुका शोधायच्या, दुरुस्त करायच्या.

यात त्याला कळलं, की आपल्याकडे शब्दांचा साठा कमी आहे. त्यावर त्यानं काढलेली युक्ती मला, कविता लिहिणारा माणूस म्हणून, फार आवडते. तो गद्य गोष्टीची पद्यरचना करायचा. वृत्तासाठी मात्रा जुळवायच्या, यमक साधायचं, म्हणजे एकाच अर्थाचे आखूड-लांब शब्द धुंडाळावे लागतात. गोष्ट विसरून गेली, की त्या पद्याचं पुन्हा गद्य करायचं. कधी टिपणांचे कागद मुद्दाम विस्कटून टाकायचे आणि काही आठवड्यांनी त्यांचा योग्य क्रम लावायचा, म्हणजे विचार ओळीनं मांडायची सवय लागते. हे सगळं कामाच्या आधी पहाटे, काम संपल्यावर रात्री, नाहीतर रविवारी. मांसाहार सोडून जेवणखर्चातले पैसे वाचवले, त्यांची पुस्तकं घेतली. सोळाव्या वर्षी त्यानं एका विधवा बाईच्या नावानं चौदा पत्रं लिहिली आणि रात्री भावाच्या छापखान्याच्या दाराखालून आत सरकवली. भावानं ती १७२२ साली आपल्या वृत्तपत्रात छापली. लेखक आपलाच उमेदवार पोरगा आहे, याचा त्याला पत्ता नव्हता.

दुसरा माणूस विल्यम कॉबेट. जन्म १७६३, इंग्लंडमधल्या फार्नहॅमचा शेतकरी पोर. एकविसाव्या वर्षी साधा शिपाई म्हणून सैन्यात भरती झाला. पगार दिवसाला सहा पेन्स. हस्ताक्षर बरं, म्हणून वरिष्ठ अधिकाऱ्याच्या पत्रांच्या नकला करण्याचं काम मिळालं. त्या अधिकाऱ्यानं त्याच्या चुका पाहिल्या आणि व्याकरण शिकायला सांगितलं. बिशप लाउथ यांचं इंग्रजी व्याकरण तेव्हा प्रमाण मानलं जाई. कॉबेटनं ते पुस्तक दोन-तीनदा पूर्ण उतरवून काढलं, मुखोद्गत केलं, आणि पहाऱ्यावर उभा असला की मनातल्या मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणू लागला.

बराकीतल्या खाटेची कड हीच त्याची खुर्ची. पाठीवरची पिशवी हे कपाट. मांडीवर घेतलेली फळी हे टेबल. मेणबत्तीला पैसे नाहीत. हिवाळ्यात शेकोटीचा उजेड, तोही आपली पाळी असेल तेव्हा. भोवती दहा-बारा शिपायांचा गोंधळ, गाणी, भांडणं. बोरू किंवा कागदाचा ताव घ्यायचा तर आधीच अर्धपोटी असताना आणखी काही खाणं सोडावं लागे. एकदा त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी एक खारवलेला मासा घ्यायला अर्धा पेनी शिल्लक ठेवला होता. रात्री कपडे काढताना पाहिलं, तर तो नाणं हरवून बसला होता. भूक अशी लागलेली, की पांघरुणात तोंड खुपसून तो लहान मुलासारखा रडला. हे त्यानंच पुढं तरुणांसाठी लिहिलेल्या पुस्तकात सांगितलं आहे.

हा शिपाई पुढं इंग्लंडमधला धडाडीचा पत्रकार झाला. सरकारच्या दडपशाहीमुळे १८१७ साली त्याला अमेरिकेत जावं लागलं. तिथं त्यानं आपल्या मुलाला लिहिलेल्या पत्रांच्या रूपात इंग्रजी व्याकरण लिहिलं. ते १८१८ साली न्यूयॉर्कमध्ये आणि पुढच्या वर्षी लंडनमध्ये निघालं. मुखपृष्ठावरच लिहिलं होतं, की हे पुस्तक विशेषतः शिपाई, खलाशी, उमेदवार कारागीर आणि नांगर धरणाऱ्या पोरांसाठी आहे.

शिपाई आणि नांगऱ्यांना व्याकरण कशाला? कारण तेव्हा भाषेवरून माणसाचा हक्क ठरत होता. शेफिल्डच्या लोकांनी १७९३ साली पार्लमेंटमध्ये सुधारणा व्हाव्यात म्हणून अर्ज केला. अर्जाची भाषा सभागृहाचा मान राखणारी नाही, असं म्हणून तो स्वीकारलाच गेला नाही. ज्याला 'शुद्ध' लिहिता येत नाही, त्याला विचारही करता येत नाही, अशी त्यामागची समजूत. कॉबेटनं हा डाव उलटवला. आपल्या व्याकरणात चुकांचे नमुने म्हणून त्यानं राजाची भाषणं आणि बड्या मंत्र्यांची, सेनापतींची पत्रं घेतली. राज्यकर्त्यांनी चुकीचं व्याकरण वापरू नये म्हणून त्यांच्यासाठी शेवटी सहा धडेही जोडले! त्याचा सल्ला साधा होता. काय म्हणायचं आहे ते आधी नक्की करा, मग सुचेल त्या शब्दांत लिहा, शब्दांची शिकार करत बसू नका. आणि असं लिहा, की वाचणाऱ्याला समजेलच, पण त्याचा गैरसमज करून घ्यायचा म्हटलं तरी होऊ नये. १८३२ साली तो स्वतः ओल्डहॅममधून पार्लमेंटवर निवडून गेला.

मग आपल्याकडे काय झालं? ईस्ट इंडिया कंपनीच्या कनिष्ठ नोकरांना 'रायटर' म्हणत. कलकत्त्याच्या रायटर्स बिल्डिंगला नाव पडलं ते त्यांच्यावरून. त्यांचं मुख्य काम पत्रं आणि हिशेब लिहिणं, नकला करणं. १८३५ नंतर सरकारी पैसा इंग्रजी शिक्षणाकडे वळला, १८३७ च्या कायद्यानंतर कचेऱ्यांतली फारसी हटत गेली आणि नकला करण्याच्या कामावर हळूहळू आपली माणसं बसली. त्यांच्यासमोर नमुना होता इंग्रजी कोर्टाच्या आणि पार्लमेंटच्या जुन्या अर्जांचा. 'हम्बल पिटिशन', 'शोएथ', 'युवर ओबीडियंट सर्व्हंट' हे सगळं साहेबाच्या देशातूनच आलेलं. पुढं साहेब त्यालाच 'बाबू इंग्लिश' म्हणून हसू लागला, ते वेगळं.

आता फ्रँकलिन आणि आपला कारकून यांची तुलना करून पाहा. दोघांनीही नमुन्यावरूनच धडे घेतले. पण फ्रँकलिन नमुना वाचून पुस्तक मिटत होता. आमचा कारकून नमुना उघडा ठेवून लिहीत होता. यात त्याला दोष देता येत नाही. फ्रँकलिनची चूक झाली, तर ती त्याच्या खोलीत राहायची. कारकुनाची चूक झाली तर नोकरी जायची. नमुन्याबाहेर एक शब्द लिहिणं धोक्याचं. त्या अतिनम्र भाषेत नम्रता कमी आणि भीती जास्त होती. ती भीती बापाकडून मुलाकडे आली, मुलाकडून शाळेच्या पत्रलेखनात, आणि तिथून माझ्या त्या दोन पानांत.

पण महाराष्ट्रात इंग्रजीची दुसरीही वाट होती. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केलं. त्यात एका स्तंभात मराठी आणि शेजारच्या स्तंभात इंग्रजी, असा मजकूर असे. दोन भाषा बरोबरीनं बसलेल्या, कुणी कुणापुढं वाकलेली नाही. आणि शंभर वर्षांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी १९३६ साली त्यांनी इंग्रजीत भाषण लिहिलं. मंडळाला त्यातली काही मतं झेपेनात. बदल करा म्हणाले. बाबासाहेबांनी कळवलं, की एक स्वल्पविरामही बदलणार नाही. परिषद रद्द झाली, तेव्हा त्यांनी ते भाषण स्वतःच्या खर्चानं छापलं. 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'च्या दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. त्यातलं इंग्रजी वाचा. प्रश्न विचारतात, उत्तर देतात, पुढचा प्रश्न विचारतात. वाक्यं सरळ, युक्तिवाद पायरीपायरीनं. ज्याच्या पूर्वजांना अक्षर शिकायचीच बंदी होती, त्यानं परक्या भाषेत लिहिताना कुठंही 'आय बेग' म्हटलं नाही.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये सरकारी भाषा पुन्हा जड झाली होती. युद्ध ऐन भरात असताना, ९ ऑगस्ट १९४० रोजी चर्चिल यांनी आपल्या मंत्र्यांना आणि अधिकाऱ्यांना एक टिपण पाठवलं. विषय होता लेखनातला थोडकेपणा. मुद्दे लहान, नेमक्या परिच्छेदांत द्या, आकडेवारी आणि तपशील परिशिष्टात टाका, फुगलेली वाक्यं सरळ काढून टाका, असा त्याचा आशय. देशावर बॉम्ब पडण्याची वेळ आलेली असताना पंतप्रधानाला वाक्यरचनेवर लिहावंसं वाटलं, कारण रोज येणारा लांबलचक कागदांचा ढीग वाचण्यात वेळ जात होता, आणि वेळच नव्हता.

युद्ध संपल्यावर दुसरी निकड आली. राष्ट्रीय विमा आला, ५ जुलै १९४८ पासून सरकारी आरोग्य सेवा सुरू झाली. पूर्वी सामान्य माणसाचा सरकारशी क्वचित पत्रव्यवहार होई. आता विधवा, आजारी, बेकार, म्हातारा, प्रत्येकाला सरकारचा कागद येऊ लागला. तो कळला नाही तर हक्काचा पैसा बुडणार. म्हणून अर्थखात्याच्या सांगण्यावरून सर अर्नेस्ट गॉवर्स या मुरलेल्या सनदी अधिकाऱ्यानं १९४८ साली 'प्लेन वर्ड्स' हे छोटं पुस्तक लिहिलं. किंमत दोन शिलिंग. सरकारी छापखान्यातून निघालेलं, कारकुनांसाठी लिहिलेलं पुस्तक, पण सामान्य लोकांनीही ते हातोहात उचललं. १९५४ साली त्याचा 'द कम्प्लीट प्लेन वर्ड्स' असा मोठा अवतार निघाला, आणि २०१४ साली त्यांच्या पणतीनं त्याची नवी आवृत्ती सिद्ध केली.

गॉवर्स यांचं म्हणणं मी माझ्या शब्दांत सांगतो. लिहायला बसण्याआधी वाचणाऱ्याच्या जागी जाऊन बसा. त्याला काय विचारायचं आहे, तो किती शिकलेला आहे, तो किती घाबरलेला आहे, याचा विचार करा. त्याच्या प्रश्नाचं उत्तर आधी द्या, कलम-नियम मागून. 'कमेन्स' ऐवजी 'बिगिन' चालत असेल तर 'बिगिन' लिहा. 'टर्मिनेट' ऐवजी 'एंड', 'एंडेव्हर' ऐवजी 'ट्राय'. पण आखूड शब्द म्हणजेच चांगला शब्द, असंही नाही. नेमका असेल तो चांगला. आणि लिहून झाल्यावर जो शब्द काढला तरी काही बिघडत नाही, तो काढा.

जॉर्ज ऑर्वेल यांनी त्याच्याही पुढं जाऊन १९४६ साली एका निबंधात दाखवलं, की जड भाषा नेहमी अज्ञानातून येते असं नाही, ती लपवण्यासाठीही वापरतात. निराधार खेड्यांवर बॉम्ब टाकायचे आणि त्याला 'पॅसिफिकेशन', म्हणजे शांतता प्रस्थापित करणं, म्हणायचं. हे ऑर्वेल जन्मले आपल्या बिहारमधल्या मोतिहारीत, आणि ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी होते. साम्राज्याची कागदी भाषा त्यांनी आतून पाहिलेली होती.

शेवटची हकिकत एका बाईची. क्रिसी माहेर, जन्म १९३८, लिव्हरपूल. पंधरा-सोळा वर्षांची होईपर्यंत तिला वाचता येत नव्हतं. पुढं तिनं आपल्या वस्तीसाठी साध्या भाषेतलं वृत्तपत्र काढलं. सरकारी फॉर्म न कळल्यानं गरिबांची मदत कशी अडते, ते ती रोज पाहत होती. १९७९ च्या जुलैमध्ये तिनं शेकडो सरकारी फॉर्म लंडनला नेले आणि पार्लमेंटसमोरच्या चौकात त्यांचे तुकडे तुकडे केले. पोलीस आला. त्यानं तिला हटवण्यासाठी १८३९ च्या कायद्यातलं एक लांबलचक वाक्य वाचून दाखवलं. तिनं विचारलं, याचा अर्थ आम्ही इथून जावं, असा आहे का? त्याच वर्षी तिची 'प्लेन इंग्लिश कॅम्पेन' ही संस्था सुरू झाली. १९८२ साली ब्रिटिश सरकारनं आपल्या सगळ्या फॉर्मची छाननी करायचं ठरवलं. अमेरिकेनं २०१० साली सरकारी कागद साध्या भाषेत असावेत, असा कायदा केला. २०२३ साली तर साध्या भाषेचं आंतरराष्ट्रीय मानकच जाहीर झालं.

उमेदवार पोरगा, शिपाई, अक्षरबंदीतून आलेला विद्वान, उशिरा वाचायला शिकलेली बाई. बाहेरून आलेल्या माणसांनी इंग्रजी सरळ केली, हे पाहिलं की आपल्याला धीर यायला हवा. आपणही बाहेरचेच आहोत. आज फोनमधलं यंत्र क्षणात गुळगुळीत इंग्रजी पत्र लिहून देतं. तोही एक उघडा नमुनाच आहे. काय मागायचं आहे, हे त्याला आपल्यालाच सांगावं लागतं.

खालांचा दुसरा अर्ज मी एका निवृत्त पोस्टमास्तर काकांकडे बसून लिहिला. ते म्हणाले, "तो कारखान्याचा साहेब समोर बसलाय असं समज. त्याला काय सांगशील ते मराठीत सांग. आता तेच इंग्रजीत लिही." सहा ओळी झाल्या. मुलाचं नाव, कामगार क्रमांक, अपघाताची तारीख, किती महिन्यांचा पगार बाकी, फंडाचे पैसे, आणि ते पाठवायचा पत्ता. 'डाइड' असाच शब्द लिहिला.

घरी येऊन खालांना प्रत्येक ओळीचा अर्थ आमच्या घरच्या बोलीत सांगितला. या वेळी त्या रडल्या नाहीत. लक्ष देऊन ऐकत होत्या. एका ओळीवर त्यांनी मला थांबवलं.

"बेटा, तारीख चुकली. जुम्मा होता तो. पंधरा नाही, चौदा."

मी कॅलेंडर पाहिलं. त्या महिन्याची चौदा तारीख शुक्रवारीच आली होती. पहिल्या अर्जातही मी पंधराच लिहिली होती.